हॉटेलांना हवे असलेले शिकलेले हात

आदरातिथ्य उद्योगातील मनुष्यबळाची टंचाई दुहेरी असते: कामाला लागताच उपयोगी पडतील असे प्रशिक्षित हात कमी असतात आणि जे मिळतात तेही लवकर सोडून जातात, ज्याला कर्मचारी-गळती म्हणतात. मुंबईत १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू झाले आणि पुढे देशभर अशा संस्था उभ्या राहिल्या; परंतु पदवीधरांची दृष्टी साहजिकच वरच्या जागांकडे असते, तर हॉटेलला मोठ्या संख्येने लागतात ते भटारखान्यातील मदतनीस, वाढपी आणि हाउसकीपिंगचे, म्हणजे खोल्यांच्या स्वच्छतेचे व मांडणीचे काम करणारे कर्मचारी. ही पोकळी ओळखून केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना आणली, जिच्यात अल्पशिक्षित तरुणांना काही आठवड्यांचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकवले जाऊ लागले आणि वर विद्यावेतनही मिळू लागले. विद्यावेतनाचे महत्त्व मोठे आहे, कारण गरीब घरात शिकण्याचा काळ म्हणजे बुडालेली मजुरी असते.

तरीही अशी संधी गावापर्यंत पोहोचवणे हे स्वतंत्र काम आहे. मुलीच्या रात्रपाळीची धास्ती असलेल्या पालकांना जाहिरात पटत नाही. राहण्याची आणि ने-आण करण्याची सोय प्रत्यक्ष दाखवावी लागते. शिवाय सकाळ-संध्याकाळ काम आणि दुपार रिकामी अशी ‘ब्रेक शिफ्ट’ कायम राहिली, तर उत्तम प्रशिक्षणानंतरही गळती थांबत नाही.