वाघोलीचे ऊन आणि नळीवरचा आकडा

१.२ ग्रॅम. चेहरा आणि मान मिळून सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर त्वचा धरली, तर एका वेळी इतके सनस्क्रीन लागते. नळीवरचा एसपीएफ, म्हणजे संरक्षणाचा आकडा, प्रयोगशाळेत मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅमचा थर देऊन. त्या हिशोबाने ५० ग्रॅमची नळी चाळीसेक वेळा पुरेल. दिवसभर उन्हात असणाऱ्याने दर दोन तासांनी लावले, तर दोन आठवड्यांच्या आत संपेल. तुमची नळी चार महिने चालते? मग तुम्ही दिवसातून एकदाच लावता, तेही गरजेच्या एक तृतीयांश. एवढ्या पातळ थरात एसपीएफ ५० निम्म्याच्याही खाली येतो.

त्यामुळे ३० घ्यावे की ५०, या चर्चेत फारसा दम नाही. नीट लावले तर एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवते, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८ टक्के. शिवाय हा आकडा मुख्यतः त्वचा भाजण्यापुरता आहे. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा यूव्हीएचा असतो. ते त्वचेत खोल जातात आणि गाडीच्या बाजूच्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात. त्यासाठी नळीवर ‘पीए’पुढे किती अधिकचिन्हे आहेत ते बघायचे, चार म्हणजे सर्वांत वरची पायरी.

आता पुण्यातल्या वाघोलीचे ऊन. १४ मेच्या आसपास पुणे परिसरात शून्य सावली दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर यूव्ही निर्देशांक ३ झाला की काळजी घ्यायची आणि ११ पासून पुढे ‘अतितीव्र’. आपल्याकडे एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी ११ सहज ओलांडला जातो. दिवसभरातले सुमारे ६० टक्के अतिनील किरण सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत पडतात. नऊला खराडीच्या ऑफिसात शिरून अंधार पडल्यावर नगर रस्त्याच्या कोंडीतून परतणाऱ्याच्या वाट्याला हे ऊन फारसे येतच नाही. ते येते क्रशरवरच्या आणि खाणीतल्या मजुरांच्या, डिलिव्हरीवाल्या पोरांच्या, केसनंद फाट्यावर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या वाट्याला.

पण धोका नेमका कसला? १९७९ मध्ये फिलाडेल्फियात मोजले गेले, की कृष्णवर्णीय त्वचेचे अंगभूत संरक्षण एसपीएफ १३.४ इतके असते, गोऱ्या त्वचेचे ३.४. आपण यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. भारतात एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा १ टक्क्याहून कमी आहे. सनस्क्रीनची सर्वांत भक्कम चाचणी ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बरमध्ये झाली: १,६२१ माणसे, १९९२ ते १९९६. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्के घटले. ती माणसे बहुतेक गोरी. तोच आकडा आपल्या जाहिरातींत जसाच्या तसा उचलणे मला पटत नाही. आपल्याकडे खरी तक्रार असते वांग आणि काळ्या डागांची. त्यात दृश्य प्रकाशाचाही हात असतो आणि साधे सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही; आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अडवते. कोड किंवा जन्मजात वर्णहीनता असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी सनस्क्रीन हे औषधच समजा.

सनस्क्रीनखेरीज दुसरा उपाय कापडाचा. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुलींचा स्कार्फ हा टिंगलीचा विषय. जरा गणित करू. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टमधून साधारण सातवा हिस्सा अतिनील किरण आत येतात. तसेच कापड दुहेरी केले की सातव्याचा सातवा, म्हणजे ४९ वा हिस्सा. ढोबळ हिशोबाने हे एसपीएफ ५० च झाले, आणि दोन तासांनी पुन्हा लावायला नको! घामाने चिंब झाला किंवा ताणला गेला की संरक्षण घटते, एवढे लक्षात ठेवायचे. हातमोजा संपतो तिथे मनगटावर उमटलेली रेघ पाहिली, की कापड काय करते ते कळते.

अंगावरचे सनस्क्रीन धुतल्यावर कुठे जाते? हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला बंदी घातली. पलाऊने त्याच्या वर्षभर आधी. प्रयोगशाळेत ही रसायने प्रवाळाच्या अळ्यांना मारक ठरली आहेत. मात्र जगभर प्रवाळ पांढरे पडण्याचे मुख्य कारण तापलेले समुद्र आहेत. मालवणच्या पाण्यात उतरताना तरी सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. वाघोलीचे सांडपाणी प्रवाळाकडे जात नाही. ते मुळा-मुठा, भीमा करत उजनी धरणाच्या दिशेने जाते.

सनस्क्रीनमधली रसायने रक्तातही उतरतात. २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने २४ जणांवर चार सनस्क्रीन वापरून पाहिली. रसायनांची रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅमच्या उंबरठ्यापुढे गेली. त्याने अपाय होतो असे यातून सिद्ध झालेले नाही. अधिक तपासणी हवी, एवढेच ठरले. त्याच वर्षी झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोनच घटकांना त्या प्रशासनाने सुरक्षिततेची पावती देऊ केली होती. तिथे सनस्क्रीन औषधात मोजतात, आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात.

खाणीवरच्या मजुराला दर दोन आठवड्यांना एक नळी परवडणार नाही. म्हणून खाणमालकांनी आणि बिल्डरांनी पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि साडेबाराच्या सुट्टीला बसायला पत्र्याची शेड एवढे तरी द्यावे.