घरच्या गाडीची शर्यत

सोमवार ते शनिवार जी गाडी कामावर न्यायची, तीच रविवारी शर्यतीत उतरवायची आणि संध्याकाळी तिच्यातूनच घरी यायचं. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अमेरिकेत ड्रॅग रेसिंगच्या ‘स्टॉक’ वर्गानं, म्हणजे कंपनीच्या मूळ रूपातल्या गाड्यांच्या वर्गानं, सर्वसामान्य माणसाला ही संधी दिली. मोटारशर्यतींचं दार पगारदार माणसासाठी इतकं सताड क्वचितच उघडलं असेल. ते उघडं राहिलं नियमांमुळे. म्हणून त्या काळाच्या आठवणी काढताना चालकांइतकाच मान नियमांच्या पुस्तकालाही द्यायला हवा.

खेळ साधा. दोन गाड्या शेजारी शेजारी, समोर सरळ पट्टी आणि अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट. जागेवरून सुटायचं आणि आधी पोचेल तो जिंकला. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या कितीतरी धावपट्ट्या ओस पडल्या होत्या, आणि तरुण पोरं भर रस्त्यात शर्यती लावून जिवाशी खेळत होती. १९५० मध्ये सी. जे. ‘पॅपी’ हार्ट यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथं विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती भरवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजेच एनएचआरए, स्थापन केली. १९५४ पासून या संस्थेचं ‘ड्रॅग सफारी’ पथक वेळ मोजायची यंत्रं घेऊन गावोगाव हिंडू लागलं. पोरांना रस्त्यावरून पट्टीवर आणायचं, हे त्याचं काम.

पण सहा सिलिंडरची साधी सेडान आणि मोठ्या व्ही-८ इंजिनाची गाडी एकमेकींशी भिडवायची कशी? त्यावर तोडगा निघाला भागाकाराचा. कंपनीनं जाहीर केलेलं गाडीचं वजन भागिले कंपनीनंच जाहीर केलेली हॉर्सपॉवर. ३,६०० पौंडांची गाडी आणि ३०० हॉर्सपॉवर असेल तर उत्तर बारा. त्या उत्तरावरून ए, बी, सी असा वर्ग ठरे आणि त्याची अक्षरं बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं काचेवर रंगवली जात. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचे वर्ग वेगळे. त्यामुळे खिशाला परवडेल ती गाडी घेऊन यावं आणि आपल्या तोलाच्या गाडीशीच लढावं, अशी सोय झाली.

या भागाकारानं डोकेबाज लोकांना कामाला लावलं. कागदावर फायद्याची ठरणारी गाडी शोधायची, तर कंपन्यांची माहितीपत्रकं पाठ हवीत. म्हणूनच १९५५ ते ५७ मधल्या शेव्हरलेच्या स्टेशन वॅगन, म्हणजे पोराबाळांना आणि सामानसुमानाला वाहणाऱ्या गाड्या, खालच्या स्टॉक वर्गांत मानाच्या ठरल्या. वॅगनचं वजन जास्त, म्हणून वर्ग खालचा मिळे. आणि मागच्या चाकांवर भार जास्त, म्हणून अरुंद टायरही पकड धरत.

सुरुवातीला दोन गाड्यांच्या मधे उभा राहून एक जण झेंडा उडवी. त्याच्या खांद्याची हालचाल ओळखणं हीसुद्धा विद्याच होती. १९६३ च्या इंडियानापोलिसच्या राष्ट्रीय स्पर्धेत दिव्यांचा खांब आला. त्याला सगळे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणू लागले. सुटल्यावर खरी परीक्षा गिअरची. ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता, क्लचला निमिषभर दाबून पुढचा गिअर टाकायचा. जरा चुकलं तर गिअरबॉक्सचे दात गेलेच. नॉर्थ कॅरोलिनाच्या रॉनी सॉक्सचं नाव झालं ते याच हातोटीवर.

जिंकल्यावरही काम संपत नसे, कारण मग गाडी तपासनिसांच्या ताब्यात जाई. इंजिनाचं हेड उतरवायचं, वाल्व्ह जागेवर ठेवून ते उलटं करायचं, वर भोक पाडलेली पारदर्शक पट्टी बसवायची आणि ब्युरेटमधून थेंबाथेंबानं द्रव सोडून कंबश्चन चेंबरमध्ये किती घनसेंटिमीटर मावतं ते बघायचं. कॅमशाफ्टची उचल डायल गेजनं मोजायची. आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळला नाही की विजय रद्द. ज्यानं कंपनीच्या मापांच्या मर्यादेत राहून एकेक भाग मन लावून जुळवला, त्याच्या कारागिरीवर इथं शिक्कामोर्तब होई.

मग मोटारकंपन्यांनी शर्यतीच्या पट्टीची ताकद ओळखली. १९६१ मध्ये एनएचआरएच्या पहिल्या ‘विंटरनॅशनल्स’ स्पर्धेत डॉन निकल्सननं ४०९ घनइंचांचं इंजिन असलेल्या शेव्हरलेवर स्टॉकचं विजेतेपद पटकावलं. १९६२ मध्ये क्रायस्लरनं ४१३ घनइंचांचं ‘मॅक्स वेज’ इंजिन आणलं. १९६३ मध्ये पाँटिॲकनं वजन उतरवायला शर्यतीच्या गाड्यांच्या चासीला भोकं पाडली. १९६४ मध्ये फोर्डनं खास शर्यतीसाठी ‘थंडरबोल्ट’ काढली. वरचे वर्ग असे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर जात राहिले. काही कंपन्या हॉर्सपॉवर मुद्दाम कमी सांगत, म्हणजे गाडीला खालचा वर्ग मिळे. मग एनएचआरएनं आपले आकडे लावून तो भागाकार पुन्हा सरळ केला.

तरी दार बंद झालं नाही. १९६६ च्या विंटरनॅशनल्समध्ये शर्ली शहान यांनी प्लिमथवर ‘टॉप स्टॉक’ जिंकलं. एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धेत एखाद्या गटाचं विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या गाडीचं इंजिन पती एच. एल. शहान सांभाळत.

वेगाचं म्हणाल, तर तेव्हाच्या बहुतेक स्टॉक गाड्यांना पाव मैलाला बारा सेकंदांहून जास्त लागत. आज शोरूममधली एखादी इलेक्ट्रिक सेडान त्यांना सहज मागे टाकेल. म्हणजे त्या दिवसांची ओढ वेगासाठी नाही. ती आहे एका विश्वासासाठी: माप खरं असेल, तर वॅगनवालाही विजेता होऊ शकतो. एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये स्टॉक गट आजही धावतो, आणि त्यात उतरणारे बहुतेक जण आठवडाभर नोकरी-धंदा करणारेच असतात. कुठलाही हौशी खेळ टिकवायचा असेल, तर बक्षिसाची रक्कम वाढवण्याआधी असा प्रामाणिक भागाकार मांडावा.