पोहायला उतरताना अंगावर काय घालावे?

परीक्षा संपल्या की नांदुऱ्यात आणि आसपासच्या खेड्यांत पोरांची पावले विहिरींकडे आणि शेततळ्यांकडे वळतात. घरातली जुनी चड्डी किंवा बर्मुडा घालून पोरे सूर मारतात आणि पोहायला शिकतात. पेच पडतो तो पुढे. मुलाचा हात चांगला चालतो म्हणून शाळा त्याचे नाव जलतरण स्पर्धेला देते किंवा तो शिकायला शहरात जातो. तिथल्या तलावावर सांगतात, ‘हे कपडे चालणार नाहीत, कॉश्च्यूम आणा.’ काय आणायचे, कोणत्या मापाचे, किती पैशांचे, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. मग मुलगा लाजतो आणि पोहणेच सोडून देतो.

असे होऊ नये म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. पाणी आणि कपडे या दोन्ही गोष्टी आपल्या समाजाला नव्या नाहीत. सार्वजनिक तळी सर्वांना खुली करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला, तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यावे लागले आणि त्या तळ्याचा न्यायालयातला निकाल १९३७ साली लागला. त्याच १९२७च्या डिसेंबरमध्ये महाडला जमलेल्या आपल्या आया-बहिणींना त्यांनी कपड्यांविषयीही सांगितले : जातीची ओळख सांगणारी राहणी टाका, स्वच्छ आणि नीटनेटके राहा. ज्या समाजाने पाण्यासाठी एवढे सोसले, त्याच्या मुलाने कपड्याच्या अडचणीपायी तलावाच्या दारातून परत येऊ नये.

सुती कपडा का नको?

सुती चड्डी पाणी पिते, जड होते आणि पायांना ओढते. तिचे धागे सुटून तलावाच्या गाळणीत जातात, म्हणून तलावावर तिला मनाई असते. बर्मुड्याच्या खिशांत पाणी भरते, आणि जीन्स तर पाण्यात उतरण्याचा कपडाच नव्हे. सुती कपडा लवकर वाळतही नाही. ओला कपडा जांघेत तासन्‌तास राहिला की गजकर्णाला आयतेच निमंत्रण मिळते.

कोणता प्रकार कशासाठी?

पुरुषांच्या कॉश्च्यूमचे मुख्य तीन प्रकार आहेत. ब्रीफ म्हणजे त्रिकोणी, लंगोटासारखी आखूड चड्डी. यात पाय पूर्ण मोकळे राहतात. कापड कमी असल्याने ती स्वस्त असते आणि पटकन वाळते. रोजच्या सरावाला उत्तम. ट्रंक म्हणजे मांडीच्या वरच्या भागापर्यंत येणारी, अंगाला चिकटणारी चड्डी. नव्याने शिकणाऱ्याला आणि मोठ्या माणसांना ती सोयीची वाटते. जॅमर कमरेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत येते. स्पर्धेत बहुतेक मुले हीच घालतात. ब्रीफ घालायला लाजणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून जॅमर द्यावी. तिच्यात सरावही होतो आणि स्पर्धाही. एकच घ्यायची असेल, तर आमचा सल्ला जॅमरचा.

कापड पाहताना आतली चिठ्ठी वाचावी. नायलॉन आणि लायक्राचे कापड मऊ असते, पण तलावातल्या क्लोरीनने त्यातली लायक्रा लवकर सैल पडते. पॉलिस्टरचे किंवा पीबीटी लिहिलेले कापड थोडे कडक लागते, पण क्लोरीनला जास्त काळ टिकते. रोज सराव करणाऱ्याने तेच घ्यावे. रंग गडद निवडावा, कारण पांढरा आणि फिकट रंग भिजल्यावर पारदर्शक होतो. पुढच्या बाजूला अस्तर आहे ना, तेही पाहावे.

माप : ना घट्ट, ना सैल

‘पोरगा वाढता आहे, दोन नंबर मोठीच घेऊ’ ही आपल्या घरांतली शाळेच्या गणवेशाची रीत इथे उपयोगाची नाही. सैल कॉश्च्यूममध्ये पाणी भरते आणि उडी मारताच तो खाली घसरतो. फार घट्ट असेल तर कमरेला व मांडीला वळ उठतात, कातडी सोलते. तथागतांनी सोण भिक्षूला वीणेच्या तारांचा दाखला दिला होता : तारा फार ताणल्या तरी सूर नाही, ढिल्या सोडल्या तरी नाही. इथेही तसेच आहे.

दुकानात घालून पाहता येत नसेल तर कमर आणि नितंब टेपने मोजून न्यावे. घातल्यावर वाकावे, खाली बसावे, हात वर ताणावेत. कापड कुठे फुगू नये, काचूही नये. भिजल्यावर कापड थोडे सैल होते, म्हणून कोरडे असताना ते अंगाला नीट बसलेले हवे. कमरेची नाडी आतल्या बाजूने पक्की बांधावी.

स्पर्धेचा नियम

२००८-०९ मध्ये अंगभर रबरासारखे पोशाख घालून जलतरणपटू उतरू लागले. २००९च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम झाले आणि पोहतो कोण, माणूस की पोशाख, असा प्रश्न उभा राहिला. अखेर १ जानेवारी २०१० पासून नियम झाला : पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये, तो विणलेल्या कापडाचाच असावा आणि त्याला चेन नसावी. एका वेळी एकच पोशाख घालायचा, म्हणजे आत अंडरवेअरही नको.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्ह्यात जिंकणारा आपला मुलगा पुढे अमरावती विभागात आणि मग राज्यावर जातो. स्पर्धेचे परिपत्रक येताच पोशाखाची अट क्रीडा शिक्षकांकडून समजून घ्यावी. नवी जॅमर स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये, आधी एक-दोनदा सरावात वापरावी. हजारो रुपयांचे शर्यतीचे पोशाख वरच्या पातळीवर, सेकंदाच्या शतांशासाठी असतात. शिकणाऱ्या मुलासाठी कर्ज काढून ते घेण्याची गरज नाही. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले आपल्या महाराष्ट्राचे जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा असले पोशाख नव्हतेच.

कपड्याची आणि कातडीची निगा

• तलावात उतरण्याआधी अंग आणि कॉश्च्यूम साध्या पाण्याने भिजवावे. आधीच भिजलेले कापड क्लोरीन कमी शोषते.

• बाहेर आल्यावर लगेच आंघोळ करावी. ओल्या कॉश्च्यूमवर पँट चढवून एसटीत बसू नये. जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात.

• कॉश्च्यूम थंड पाण्यात खंगाळून सावलीत वाळवावा. पिळू नये, ब्रश मारू नये, गरम पाणी टाळावे. आपल्या भागात अनेक ठिकाणी विहिरी-बोअरचे पाणी खारे आहे. तिथे शेवटचे खंगाळणे गोड्या पाण्यात करावे.

• वसतिगृहातल्या मुलांनी एकमेकांचा कॉश्च्यूम आणि टॉवेल वापरू नये. गजकर्ण असाच पसरतो.

• कमरेला करदोडा असेल तर काढून टाकावा. ओला दोरा कातडीला घासतो आणि त्यात बुरशी टिकते. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांच्या घरात तो असायलाही नको.

• जांघेत गोल, खाजरा, कडा लाल असलेला चट्टा दिसला तर मेडिकलमधून मनाने मलम आणू नये. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते. खाज थांबते, पण आतून रोग वाढतो. डॉक्टरांना दाखवावे आणि बरे होईपर्यंत पोहणे थांबवावे.

• कापड उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसू लागले की तो कॉश्च्यूम बदलावा.

एक गोष्ट पालकांनी विसरू नये. चांगला कॉश्च्यूम बुडण्यापासून वाचवत नाही. विहिरीवर, शेततळ्यावर किंवा पूर्णेच्या डोहात मुलांना एकटे सोडू नये. पोहणारा मोठा माणूस, दोर आणि हवा भरलेली ट्यूब जवळ हवी.

साधी जॅमर काही शेकडा रुपयांत मिळते. गावातल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून पोहणाऱ्या गरजू मुलांना प्रत्येकी एक कॉश्च्यूम, टोपी आणि चष्मा दिला, तर तो पैसा सत्कारणी लागेल. मुलींच्या पोहण्याच्या पोशाखाविषयी याच पानावर स्वतंत्रपणे लिहू, कारण पाणी त्यांचेही तितकेच आहे.

जय भीम!