पऱ्हाटीची भावकी परसात

भेंडीचं फूल बघायचं तर सकाळीच बघावं. दुपार कलली की ते मिटायला लागतं आणि पुन्हा उमलत नाही. फिकट पिवळ्या पाच पाकळ्या, तळाशी गर्द किरमिजी डाग, मधोमध पुंकेसरांची नळी. आता देशी कपाशीचं फूल आठवा. तोच पिवळा, तोच किरमिजी, तीच नळी! जलंबहून खामगावपर्यंत १८७० साली रेल्वे आली ती ज्या कापसासाठी, त्याच्याच कुळातली ही आपल्या परसातली भेंडी. जास्वंद आणि अंबाडीही त्याच घरच्या.

बुलढाणा जिल्ह्यात हे नातं अळीलाही पक्कं ठाऊक आहे. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बोंड पोखरणारी ठिपक्यांची बोंडअळी भेंडीवरही तितक्याच हक्कानं येते. पाणी असूनही एखादा कोवळा शेंडा मान टाकतो. तो खुडून उभा चिरला की आत ती सापडते. असे शेंडे आणि किडकी फळं अळीसकट नष्ट करावीत, वाफ्यात टाकू नयेत.

खरा वैरी मात्र केवडा रोग. पांढरी माशी रस शोषताना विषाणू सोडते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पुढे फळंही पांढुरकी होतात. लागलेल्या झाडाला औषध नाही, ते उपटावंच लागतं. भेंडीची गाजलेली ‘पुसा सावनी’ जात केवड्यापुढे हरली, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचा संकर एका रानटी नातलगाशी केला आणि १९८५ साली ‘परभणी क्रांती’ आली. प्रतिकाराची ताकद रानातून उसनी आणायची, ही कल्पनाच किती मोठी! काही ठिकाणी आता तिलाही केवडा गाठतो, म्हणजे हा शोध चालूच राहणार.

लावणं सोपं आहे. बी रात्रभर भिजवून फूटभर अंतरावर टोचावं. काळ्या जमिनीत पाणी तुंबू देऊ नये. साधारण दीड महिन्यात फुलं येतात आणि फुलानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. इतका वेग! एक-दोन दिवस राहिली की जून होते, आणि जून फळं झाडावर ठेवली की नवी कमी लागतात.

चिकटपणाला नावं ठेवू नका. भेंडीच्या खोडाचा तोच बुळबुळीत द्राव गुऱ्हाळात उसाच्या रसातली मळी वर आणतो.

बियाण्यासाठी मात्र एखादं निरोगी झाड राखावं. मधमाश्या शेजारच्या वाणाचे परागकण आणतात, म्हणून उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधावं. फूल आतल्या आत स्वतःच फळतं.