१५ किलो सरकवले, १८ किलो उतरले

बोर धरणाच्या वाटेवरच्या हिंगणीत कापसाची बंडी भरताना धुरकऱ्याचं एक लक्ष जुवाकडे असतं. माल पुढे जास्त झाला की ओझं बैलांच्या मानेवर येतं. मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला काचतात. म्हणून तो थोडा कापूस मागचा पुढे करतो, जू हाताने उचलून पाहतो आणि मगच बैल जुंपतो. माल तेवढाच, जागा तेवढी बदलली. वेगवान मोटारीचं नाक जड असलं की तिच्या मालकापुढेही हाच प्रश्न उभा राहतो, आणि त्याच्या उत्तरात शिरलं की एकेक नवल उलगडत जातं.

चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्या. चपळ गाडी, आजही तिच्यावर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. पण इंजिन पुढे आडवं, गिअरबॉक्स त्याला चिकटलेला, आणि इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकंही पुढचीच. अशा बहुतेक गाड्यांत ६० टक्के किंवा त्याहून जास्त वजन पुढच्या दोन चाकांवर असतं. वळणावर वेग वाढला की स्टिअरिंग फिरवूनही नाक बाहेरच्या बाजूला ओढ घेतं.

असं का व्हावं? जड बाजूचे टायर रस्त्यावर जास्त दाबले जातात, मग त्यांची पकड उलट चांगली हवी ना? इथे रबराची एक खोड आडवी येते. टायरवरचं वजन दुप्पट केलं तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. वजनाला वळवायला लागणारा जोर मात्र नेमका दुप्पट लागतो. त्यामुळे जास्त ओझं वाहणारे टायर आधी हरतात. पुढचे हरले की गाडी सरळ जायला बघते, मागचे हरले की शेपटी बाहेर येते.

टाटा नॅनोत याचा उलटा खेळ होता. ६२३ सीसीचं इंजिन मागे, त्यामुळे शेपटी जड. एखादी जुनी नॅनो उभी दिसली तर खाली वाकून टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा: पुढे १३५, मागे १५५. मागच्या टायरची रुंदी तब्बल २० मिलिमीटरने जास्त! चार चाकांच्या एवढ्या साध्या, स्वस्त गाडीत दोन मापांचे टायर दिले, कारण मागच्या ओझ्याला जास्त रबर लागत होतं.

नाक जड असलेल्या गाडीवरचा जुना उपाय म्हणजे बॅटरी पुढून काढून डिकीत नेणं. हिशेब करून पाहू. समजा गाडी ११०० किलोची आहे, पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये अडीच मीटर अंतर आहे आणि पुढे ६२ टक्के, म्हणजे ६८२ किलो भार आहे. १५ किलोची बॅटरी पुढच्या आसावरून उचलली आणि मागच्या आसाच्याही अर्धा मीटर मागे ठेवली. पुढचा भार किती उतरला? १५ किलो नव्हे, १८! मागच्या आसापलीकडे गेलेली बॅटरी तरफेसारखी नाकाला वर उचलते, आणखी ३ किलोंनी. धुरकरी बंडीच्या मागच्या टोकाला पोतं टाकायला का बिचकतो, ते या ३ किलोंत आहे.

एवढं करून ६२ चे झाले साधारण ६०.४ टक्के. फरक छोटा आहे, आणि त्यासाठी जाड केबल, बॅटरीजवळच फ्यूज आणि घट्ट बांधलेली पेटी लागते. त्यात काटकसर केली तर आगीशी गाठ. मला याहून आवडतो तो नाकावरचं वजन मुळातच कमी करण्याचा मार्ग. हलकी बॅटरी आणि हलकं बॉनेट घेतलं की भार उतरतो, शिवाय दोन टोकांना वजन टांगलेली गाडी वळायला जशी आळस करते तसंही होत नाही. काहीजण मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी, जाड करतात. त्याने पुढचं-मागचं वजन एक ग्रॅमही हलत नाही. पण वळणावर आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागचा आस उचलतो, पुढच्या दोन टायरांत ओझं जास्त समान वाटलं जातं, आणि रबराच्या त्याच खोडीमुळे पुढची पकड सुधारते.

आता ब्रेकचा हिशेब. त्याच गाडीचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून अर्धा मीटर उंच धरा आणि गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक मारा. मागून पुढे किती भार जातो? १७६ किलो! मागच्या चाकांवर ४१८ होते, उरले २४२. बॅटरीच्या सगळ्या खटाटोपाच्या जवळपास दहापट भार पायाच्या एका दाबाने सरकला. म्हणून मुरलेला चालक बहुतेक ब्रेक सरळ रस्त्यावरच आटोपतो आणि वळणात शिरताना पाय हळूहळू उचलतो, म्हणजे पुढच्या टायरांची पकड वळायला मोकळी होते. बंडीवाल्याला जागा ठरवायची संधी निघण्याआधी मिळते, मोटारवाल्याला ती प्रत्येक वळणावर मिळते.

आपल्या गाडीचा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. कापसाच्या गाड्या मोजणारा वजनकाटा पुरे. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि आकडा लिहा. मग पूर्ण गाडी चढवा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. त्यानंतर मागच्या सीटवर दोघांना बसवून पुन्हा मोजा, आणि टक्का बॅटरी हलवल्यापेक्षा किती जास्त उतरतो ते बघा.