धोकादायक झाड उतरवताना यंत्र की दोर?

मुंबई : पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्या आवारातील धोकादायक झाड उतरवायचे झाल्यास यंत्र आणावे की दोर-करवतीवर भिस्त ठेवावी, हा प्रश्न रहिवाशांपुढे उभा राहतो. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी आधी पालिकेची परवानगी लागते. रस्ता रुंद व जमीन भक्कम असल्यास क्रेन सोयीची ठरते. चिंचोळ्या गल्लीत मात्र ती शिरत नाही. तेथे कुशल कामगार झाडावर चढून शेंड्याकडून तुकडे कापतो आणि दोराने सावकाश खाली सोडतो. परंतु खोड आतून पोखरलेले असल्यास त्यावर माणूस चढवणे जिवावर बेतू शकते. जवळून विजेच्या तारा जात असल्यास दोन्ही पद्धतींत आधी वीजपुरवठा बंद करणे अनिवार्य ठरते. त्यामुळे ही निवड केवळ खर्चावरून नव्हे, तर खोडाची अवस्था पाहूनच व्हावयास हवी.