जुन्या गाडीचे गिअर ऑइल बदलावे की नाही?

आपल्या वस्त्यांतील अनेक घरांची चूल आज छोट्या टेम्पोच्या किंवा टुरिस्ट गाडीच्या कमाईवर पेटते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली जुनी गाडी कर्जावर घेतली जाते. गाडी दारात आली की पहिला सल्ला मिळतो, "गिअर ऑइलला हात लावू नका. जुन्या गाडीत नवे तेल घातले की गिअरबॉक्स बसतो." गिअरबॉक्स खरोखरच बसला तर गाडी उभी राहते, हप्ता मात्र थांबत नाही. मुलांच्या फीचे पैसे गॅरेजात जातात. म्हणून हा सल्ला तपासून घेणे आवश्यक आहे.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की, केवळ कानावर आले म्हणून किंवा परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका. ही कसोटी गाडीलाही लागू पडते.

साध्या गिअरच्या गाडीत हा समज निराधार आहे. गिअरचे दाते एकमेकांवर घासू नयेत म्हणून तेल असते. वर्षानुवर्षे तेच तेल राहिले तर ते पातळ होते, त्यात लोखंडाचा कीस साठतो आणि तोच कीस बेअरिंग खातो. म्हणून तेल बदलावेच. मात्र गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच घ्यावे. जिथे जीएल-४ सांगितले आहे तिथे जीएल-५ घातल्यास काही गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना अपाय होऊ शकतो.

२०१४ साली आलेल्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या स्वस्त गाड्या वाढल्या. त्यांना लोक ऑटोमॅटिक म्हणतात, पण आतला गिअरबॉक्स साधाच असतो. त्यांनाही वरचाच नियम लावावा. फक्त गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचे तेल वेगळे असते, एवढे ध्यानात ठेवावे.

खऱ्या ऑटोमॅटिक गाडीत मात्र या सल्ल्यामागे थोडे तथ्य आहे. तिथे तेलाच्या दाबावरच आतल्या क्लच प्लेटी पकड घेतात. गिअर घसरू लागल्यावर, म्हणजे इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही अशी वेळ आल्यावर, लोक तेल बदलतात. प्लेटी आधीच झिजलेल्या असतात, पण दोष नव्या तेलावर येतो. शिवाय मशीन लावून दाबाने तेल धुऊन काढले, तर आत बसलेला गाळ सुटून बारीक मार्गांत अडकू शकतो.

म्हणून गिअर नीट पडत असतील, तर दाबाने न धुता नुसते निथळून काढून तेवढेच नवे तेल भरावे. एका वेळी सगळे तेल निघत नाही. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच करावे. गिअर घसरत असतील, तर तेलावर पैसे घालण्याआधी चांगल्या मिस्त्रीकडून तपासणी करून घ्यावी. नव्या तेलाने झिजलेली प्लेट दुरुस्त होत नाही.

काम करवून घेताना स्वतः उभे राहावे. गाडी सपाट जागी असावी. तेल भरण्याचा बोल्ट आधी उघडून पाहावा, मगच खालचा काढू द्यावा. वरचा गंजून अडकला आणि खालून तेल गेले, तर गाडी जागीच अडकते. निघालेले तेल पातेल्यात पाहावे. चुंबकावर काजळीसारखा मऊ लेप असणे नेहमीचे आहे. तुकडे किंवा कपच्या दिसल्या, किंवा तेलाला जळका वास आला, तर आत झीज झाली आहे असे समजावे. काढलेले तेल गटारात ओतू देऊ नये.

शेवटी तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी कोणी सल्ला दिला, तर वही उघडावी, तेल पाहावे आणि मग ठरवावे. घरातील मुलामुलींनाही ही वही लिहायला शिकवावी, कारण ज्या गाडीवर घर चालते तिचा हिशेब सर्वांना ठाऊक असावा.